बीटी कपाशी व गुलाबी बोंडअळी : बियाण्यांतील विद्येची राखण

मनुष्यानें बुद्धीच्या बळावर सृष्टींत जे फेरफार घडविले त्यांची यादी करूं लागलें असतां पूल, धरणें, आगगाडी, मोटार, विमान हीं नांवें सहज पुढें येतात. आपल्या शेतांतील कपाशीचें झाड त्या यादींत कोणी घालीत नाहीं. परंतु नांदेड जिल्ह्याच्या किनवट, माहूर, हदगांव, भोकर या तालुक्यांत आज जी बीटी कपाशी उभी असते, ती पैठणच्या धरणाइतकीच मनुष्याची कृति आहे. धरण सरकारच्या ताब्यांत असून त्याची देखभाल पगारी अधिकारी करितात. कपाशीच्या बियाण्यांत घातलेल्या विद्येची देखभाल मात्र पाकीट फोडल्या क्षणापासून शेतकऱ्याकडे येते, आणि ही गोष्ट त्यास फार थोड्यांनीं समजावून सांगितली. त्याचा परिणाम २०१७ सालच्या हंगामांत सर्वांनीं पाहिला. बीटी कपाशीची घडण कशी आहे, गुलाबी बोंडअळीनें ती कशी भेदली, आणि पीक राखण्यासाठीं आपल्या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं काय करावें, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. दगडमातीचें काम व जिवंत काम

पैठण येथील जायकवाडी धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घालण्यांत आला, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणास २७ दरवाजे आहेत. खालीं नांदेडजवळ विष्णुपुरी येथें तीच गोदावरी पुन्हां अडविली असून तेथून पाणी उपसून कालव्यांत घालतात. अशीं कामें बांधणारा स्थापत्यशास्त्रज्ञ पाण्याचा दाब, मातीचें वजन व आजवर आलेले महापूर यांचें गणित मांडतो, आणि त्यावर कांहीं जास्त बळ ठेवून बांधकाम करितो.

हें गणित अपुरेंही पडतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवांत भूकंप होऊन हजारों माणसें गेलीं. तो मुलूख भूकंपाच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत धरलेला होता. जाड दगडी भिंती मातींत रचून त्यांवर माळवदाचें ओझें घातलेलीं घरें त्या हादऱ्यांत टिकलीं नाहींत. पुढें २००२ सालीं नकाशा सुधारून लातूरचा भाग तिसऱ्या विभागांत घेण्यांत आला. येथें शत्रूचें बळ ओळखण्यांत कमतरता राहिली होती. तरी एवढें खरें कीं, आपण भिंती मजबूत केल्या म्हणून पुढचा भूकंप अधिक बळकट होऊन येत नाहीं. धरणाला दरवाजे बसविले म्हणून नदी त्यांतून निसटण्याची युक्ति शिकत नाहीं.

शेतांतील किडीचें तसें नाहीं. तिच्यावर आपण जो उपाय योजितों, त्या उपायांतून वांचणाऱ्या किडींचीच पुढची पिढी होते. म्हणून किडीविरुद्ध केलेली कोणतीही रचना एकदां उभारून विसरतां येत नाहीं. बीटी कपाशीच्या बाबतींत आपल्याकडे झालें तें नेमकें हेंच.

२. निवड, संकर व जनुक

कपाशी सुधारण्याचे तीन मार्ग मनुष्यानें क्रमानें शोधून काढले. पहिला मार्ग निवडीचा. उत्तम झाडाची सरकी वेगळी ठेवून तीच पेरीत जाणें, हा उद्योग आपल्या वाडवडिलांनींही केला. नांदेड-परभणी भागांतील गावरानी कपाशी देशी जातींमध्यें लांब धाग्याबद्दल नांवाजलेली होती, ती या निवडीच्या बळावर.

दुसरा मार्ग संकराचा. १९७० सालीं सुरत येथील संशोधन केंद्रांत डॉ. सी. टी. पटेल यांनीं संकर-४ हा कपाशीचा संकरित वाण काढला. व्यापारी प्रमाणावर लावलेला तो जगांतील पहिला कपाशीचा संकर होय. संकराचें काम हातानें करावें लागतें. उद्यां उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीं सोलून तींतील पुंकेसर काढून टाकितात, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं निवडलेल्या नरजातीचे पराग तिच्यावर लावितात. अशा बोंडांतील सरकी म्हणजे संकरित बियाणें. त्याचा जोम एकाच पिढीचा असल्यामुळें तें दरसाल नवें घ्यावें लागतें. १९८० नंतरच्या दशकांत नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रांतून निघालेला एनएचएच-४४ हा वाण याच मार्गानें झालेला होय. कोरडवाहू जमिनींत तग धरणारा हा वाण शेतकऱ्यांत 'नांदेड-४४' या नांवानें प्रसिद्ध झाला.

निवड व संकर या दोहोंची मर्यादा अशी कीं, गुण आणावयाचा तो कपाशीच्या भाऊबंदांतूनच आणतां येतो. तिसऱ्या मार्गानें ही मर्यादा ओलांडली. प्रत्येक जिवाच्या पेशींत त्याच्या गुणधर्मांचा लेख असतो. त्या लेखांतील एकेका वाक्यास जनुक म्हणतात. एका जिवाच्या लेखांतील वाक्य उचलून दुसऱ्याच्या लेखांत बसविण्याची विद्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत साध्य झाली, व १९८३ सालीं अशा रीतीनें परके जनुक धारण करणारीं पहिलीं झाडें तयार झालीं. झाडांच्या खोडावर गांठी आणणारा एक मातींतील सूक्ष्म जंतु आपलें जनुक झाडांत घुसविण्याचें काम निसर्गतःच करितो. शास्त्रज्ञांनीं त्याच्याकडूनच ही वाहतूक करवून घेतली.

कपाशीसाठीं निवडलेलें जनुक 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नांवाच्या जंतूचें आहे. या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'बीटी' हा शब्द निघाला. १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांस हा जंतु रेशमाच्या रोगी किड्यांत आढळला, व पुढें १९११ सालीं जर्मनींत बर्लिनर यांनीं पिठांतील अळींत तो पाहून त्यास हें नांव दिलें. अमेरिकेंत बीटी कपाशीची लागवड १९९६ सालीं सुरू झाली. हिंदुस्थानांत हें जनुक येथील वाणांत उतरविण्याचें काम आपल्याच मराठवाड्यांतील जालना येथील महिको कंपनीनें मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें केलें, व २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें तिच्या तीन संकरित वाणांस परवानगी दिली. २००६ सालीं दोन विषजनुकें असलेली दुसरी आवृत्ति, म्हणजे 'बोलगार्ड-२', आली. कांहीं वर्षांतच देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली.

३. हें विष काम कसें करितें

बीटी जनुक झाडाच्या पानांत, कळींत व बोंडांत एक प्रथिन तयार करवितें. अळीच्या आंतड्यांतील रस क्षारधर्मी असतो. त्यांत तें प्रथिन क्रियाशील होतें, आंतड्याच्या अस्तरावरील ठराविक जागीं जाऊन चिकटतें, आणि अस्तरास छिद्रें पाडितें. अळी खाणें सोडते व थोड्या दिवसांत मरते. मनुष्याच्या जठरांतील रस आम्लधर्मी असून आपल्या आंतड्यांत त्या प्रथिनास चिकटण्याजोग्या जागा नाहींत.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, हें विष विशिष्ट अळ्यांनाच लागू पडतें. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग नाहीं. दुसरी, पीक शंभर-एकशेंदहा दिवसांचें झाल्यावर झाडांतील विषाचें प्रमाण उतरत जातें. बीटीनें हिरव्या बोंडअळीचा बंदोबस्त चांगला केला. १९९० नंतरच्या दशकांत या अळीपायीं फवारणीचा जो अतिरेक चालला होता, तो त्यामुळें कमी झाला. हा लाभ नाकारण्याचें कारण नाहीं.

४. गुलाबी बोंडअळी

ही अळी आपल्या देशास नवी नाहीं. १८४३ सालीं इंग्लंडांत सॉन्डर्स यांनीं तिचें जें पहिलें शास्त्रीय वर्णन लिहिलें, तें भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. तिची मादी कळीवर, फुलावर व कोंवळ्या बोंडावर अंडीं घालते. बाहेर पडलेली अळी लवकरच आंत शिरते, आणि शिरल्याचें छिद्र बुजून जातें. फुलांत शिरली तर पाकळ्या गुंतून फूल उमलत नाहीं. त्यासच आपण डोमकळी म्हणतों. बोंडांत शिरली तर ती सरकी खाते, रुई डागाळते व कवडी होते. बाहेरून बोंड धड दिसतें. वेचणीच्या वेळीं नुकसान कळतें. अळी आंत असल्यामुळें फवारा तिला पोंचत नाहीं. हंगामाच्या शेवटीं ती सरकींत, पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत किंवा मातीच्या भेगांत सुप्तावस्थेंत पडून राहते, व पुढच्या पावसाळ्यांत पतंग होऊन निघते. तिची उपजीविका मुख्यतः कपाशीवरच असते. हिरव्या अळीप्रमाणें ती तुरीवर व हरभऱ्यावर पसरत नाहीं. तिचें बळ याच गोष्टींत आहे व तिची दुखरी नसही हीच.

२००८ सालीं गुजरातेंत गोळा केलेल्या अळ्या पहिल्या बीटी जनुकास दाद देत नाहींत असें आढळलें. पुढें २०१४-१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ वरही त्या जगूं लागल्या. २०१७ सालीं महाराष्ट्रांत एवढें नुकसान झालें कीं सरकारास भरपाई जाहीर करावी लागली. त्याच हंगामांत नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. बियाण्यांतील विष निकामी होत जातें तेव्हां हातपंपांतील विष वाढत जातें, व त्याचें मोल कधीं कधीं जिवानें द्यावें लागतें.

५. अळी शिकली कशी

समजा, एक लाख पतंगांत एखाद्याच्या अंगीं बीटी विष पचविण्याचा गुण आहे. हा गुण बहुधा दबलेला असतो. आई व बाप या दोघांकडूनही मिळाला तरच अळी वांचते. शेतांत सर्वत्र बीटी कपाशीच असेल, तर बाकीच्या सर्व अळ्या मरतात. वांचलेले थोडे पतंग एकमेकांशींच जुळतात, व त्यांची सर्व संतति विष पचविणारी निपजते. थोड्याच वर्षांत तीच जात मुलूखभर होते.

यावर उपाय म्हणून बीटी शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम केला होता. सरकारी अटीप्रमाणें या आश्रय-ओळी भोंवतालीं पांच, अथवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकीं जें अधिक असेल तितक्या हव्या होत्या, व त्यासाठीं ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी देत असत. या ओळींवर साधे पतंग मुद्दाम जगू द्यावयाचे. शेतांतून वांचलेला एखादा विष पचविणारा पतंग त्यांच्यापैकीं कोणाशीं जुळला, कीं संततींत तो गुण दबून राहतो व ती संतति बीटी कपाशीवर मरते. म्हणजे ती पुडी बीटी पाकिटाचा अर्धा जीव होती. आपल्याकडे कित्येकांनीं ती बांधावर टाकून दिली, कित्येकांनीं नांगे भरण्यास वापरली. अळीला पोसण्यासाठीं जमीन कां द्यावी, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहतां बरोबरच होता, कारण उत्तर देणारा कोणी त्यांच्यापर्यंत पोंचला नाहीं.

दुसरें कारण संकराच्या घडणींतच आहे. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित असून तिच्या आईबापांपैकीं बहुधा एकाकडूनच विषजनुक येतें. त्यामुळें शेतांतील झाड जरी बीटी असलें, तरी त्याच्या बोंडांतील सर्व सरकी बीटी नसते. एक जनुक असतां चार सरक्यांत सरासरीनें तीन विषयुक्त व एक निर्विष निघते. सरकी खाणाऱ्या अळीस एकाच बोंडांत दोन्ही मिळतात, व विष थोडें थोडें चाखून ती त्यास सरावणाऱ्या पिढ्यांची वाट मोकळी करते.

तिसरें कारण फरदडीचें. ओलिताची सोय असलेला शेतकरी डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवितो. त्या वेळीं झाडांतील विष उतरलेलें असतें व अळीस हिरवीं बोंडें मिळत राहतात. तिच्या एक-दोन पिढ्या अधिक होतात. धरणाचें पाणी व बियाण्यांतील जनुक हीं दोन्ही मनुष्याच्या विद्येचीं फळें. परंतु एकाचा उपयोग आम्हीं अशा रीतीनें केला कीं दुसरें त्यामुळें लवकर निकामी झालें.

६. एकच अळी, दोन देश

हेंच जनुक व हीच अळी अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांतही होती. तेथें १९९६ पासून बीटी कपाशी लाविली जात असून आश्रय-क्षेत्राचा नियम शेतकऱ्यांनीं बहुतांशीं पाळला, व दहा वर्षें अळी बीटीस बळी पडतच राहिली. २००६ पासून तेथें निर्बीज केलेले पतंग विमानांतून शेतांवर सोडण्यांत आले. रानटी पतंग त्यांच्याशीं जुळले कीं अंडीं फुकट जात. ठराविक मुदतींत पऱ्हाटी नांगरून टाकणें हें सर्वांवर बंधनकारक होतें. ऑक्टोबर २०१८ मध्यें त्या देशाच्या शेतकी खात्यानें कापूस पिकविणाऱ्या सर्व प्रदेशांतून ही अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें.

तेथील शेतें मोठीं, शेतकरी थोडे, व वाण सरळ असल्यामुळें प्रत्येक सरकी बीटी असते; ही सोय आपल्याकडे नाहीं. त्यांचें सर्व अनुकरण करतां येणार नाहीं. परंतु शिस्त कपाशीच्या वाणापेक्षां अधिक उपयोगी पडली, हें त्या उदाहरणांतून घेण्याजोगें आहे.

७. शेतकऱ्यांनीं काय करावें

(१) मे महिन्यांत ओलितावर कपाशी लावूं नये. जूनचा पुरेसा पाऊस झाल्यावर सर्व गांवानें जवळजवळ एकाच वेळीं पेरणी करावी. लवकर लाविलेली कपाशी सुप्तावस्थेंतून निघालेल्या पतंगांस आयतें घर देते.

(२) दीडशें-एकशेंसाठ दिवसांत येणारा वाण घ्यावा. साध्या बियाण्याची पुडी मिळाल्यास ती लावावीच. अलीकडे हें बियाणें त्याच पाकिटांत मिसळून देतात. त्या पाकिटांतील विरळ, निराळीं दिसणारीं झाडें उपटूं नयेत.

(३) पीक दीड महिन्याचें झालें कीं एकरीं दोन कामगंध सापळे लावावे. यांतील वडींत मादीच्या गंधाची नक्कल असते. सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं आठ किंवा अधिक पतंग सांपडल्यास उपायास लागावें. वडी वेळच्या वेळीं बदलावी.

(४) डोमकळ्या दिसतील तशा वेचून नष्ट कराव्या. बोंडें धरूं लागल्यावर दर आठवड्यास शेताच्या निरनिराळ्या भागांतील वीस हिरवीं बोंडें तोडून फोडून पाहावीं. दोन बोंडांत अळी आढळली म्हणजे दहा टक्के प्रादुर्भाव झाला. येथें थांबूं नये.

(५) आरंभीं पांच टक्के निंबोळी अर्क व अंडीं खाणारे ट्रायकोग्रामा किडे यांवर भर द्यावा. तीव्र औषधें कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानेंच, व एकाच वेळीं दोन-तीन औषधें न मिसळतां वापरावीं. फवारणाऱ्याच्या तोंडास, डोळ्यांस व हातांस संरक्षण असावें, वाऱ्याच्या उलट फवारूं नये, आणि उपाशी पोटीं मजुरास पंप देऊं नये.

(६) डिसेंबरअखेर पीक संपवावें. फरदड ठेवूं नये. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्यामेंढ्या चारून उरलीं बोंडें संपवावीं, व पऱ्हाट्या उपटून बारीक करून जमिनींत गाडाव्या किंवा खतांत घालाव्या. जळणासाठीं घराशेजारीं रचलेली पऱ्हाटी पुढच्या जूनपर्यंत तशीच राहिली, तर त्या गंजींतूनच पतंग निघतात.

(७) घरांत साठविलेला कापूस लवकर विकावा. जिनिंग कारखान्यांच्या आवारांत सापळे लावून घेण्याबद्दल गांवच्या सोसायटीनें आग्रह धरावा.

८. दोन शंकांचें समाधान

फरदडीच्या दोन वेचण्या सोडून दिल्यास नुकसान होईल, असें कोणी म्हणेल. त्या वेचण्यांत कवडी अधिक व रुई डागळलेली असते, भाव उतरतो, आणि पुढच्या सालच्या किडीचें भांडवल त्यांतच तयार होतें. विष्णुपुरीच्या कालव्याचें अथवा विहिरीचें पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं कपाशी काढून त्याच पाण्यावर हरभरा किंवा गहूं घेतल्यास जमीनही पालटते व अळीही उपाशी मरते.

लातूरकडील वाचक म्हणतील, आमच्या भागांत सोयाबीन अधिक. आम्हांस याचें काय? सोयाबीनचे परभणी विद्यापीठाचे एमएयूएस-७१ सारखे वाण निवड-पैदाशीच्या जुन्या मार्गानें झालेले, सरळ आहेत. त्यांचें बियाणें घरीं राखतां येतें, व त्यांची राखण तितकीच घरची आहे. पण ज्यांच्या थोड्याशा जमिनींत कपाशी आहे, त्यांनींही वरील नियम पाळावे. पतंगास तालुक्याची शीव अडवीत नाहीं, आणि एका गांवांत मार्चपर्यंत उभी राहिलेली चार एकर कपाशी आसपासच्या गांवांची मेहनत फुकट घालविते.

यासाठीं हें काम एकट्या शेतकऱ्याचें नाहीं. बियाण्याची खरेदी होण्यापूर्वीं, मे महिन्यांत, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें सभा भरवून पेरणीचा आरंभ व पीक काढण्याची अखेरची तारीख हे दोन ठराव करावे, सापळे एकत्र विकत घ्यावे, आणि ज्याच्या पऱ्हाट्या जानेवारीपर्यंत निघाल्या नाहींत त्यास मजुरीची मदत करून त्या काढवाव्या. नवीं जनुकें शोधण्याचें काम संशोधक करीत आहेत. परंतु उद्यां आणखी उत्तम बियाणें आलें तरी पेरणी, आश्रय-ओळी व पऱ्हाटी यांचे हेच नियम त्यासही लागू राहतील; म्हणून तें येण्याची वाट न पाहतां येत्या हंगामापासूनच आरंभ करावा, अशी शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची विनंति आहे.